बक्षीस तिघांना, अटी सगळ्यांना: फोटोस्पर्धा निवडण्याआधी

पावसात उलटलेल्या छत्रीशी झटापट करणाऱ्या एका मुलाचा फोटो मी काही वर्षांपूर्वी एका फुकट स्पर्धेला पाठवला होता. बक्षीस सोडाच, उत्तेजनार्थमध्येही नाव आलं नाही. दीड वर्षानं त्या मुलाच्या आईचा फोन आला. विम्याच्या एका पत्रकावर तिचा मुलगा झळकला होता, छत्रीसकट, आणि वर मथळा होता ‘संकट सांगून येत नाही’. माझं नाव कुठंही नव्हतं. त्या विमा कंपनीला मी फोटो दिला नव्हता, तिच्याशी माझा कधी संबंधही आला नव्हता. स्पर्धेच्या आयोजकांना ईमेल केली तर एका ओळीचं उत्तर आलं: नियम क्रमांक १४ पाहावा.

पाहिला. सगळं तिथं लिहिलेलं होतं. ‘अटी मान्य आहेत’ या चौकटीत टिचकी मीच मारली होती.

तेव्हापासून स्पर्धेची घोषणा आली की बक्षिसाची रक्कम मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी हक्कांचं कलम काढतो आणि त्यात एकच गोष्ट शोधतो: तिथं ‘विजेत्या प्रवेशिका’ म्हटलंय की ‘सर्व प्रवेशिका’? समजा तीन हजार लोकांनी प्रत्येकी पाच फोटो पाठवले. पहिल्या शब्दप्रयोगात आयोजकाच्या हाती तीन फोटो येतात, दुसऱ्यात पंधरा हजार. बक्षीस दोन्हीकडे तिघांनाच. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते याला.

आता दोन कलमं शेजारी ठेवून पाहा. शब्द माझे आहेत, पण या दोन धर्तीची कलमं तुम्हाला नेहमी भेटतील.

पहिलं: ‘विजेती व प्रदर्शनासाठी निवडलेली छायाचित्रे या स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी, छायाचित्रकाराच्या नावासह, तीन वर्षे वापरता येतील. स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडेच राहील.’

दुसरं: ‘प्रवेशिका पाठवताच स्पर्धक आयोजकांना सर्व छायाचित्रे कोणत्याही माध्यमात, कोणत्याही कारणासाठी, जगभर, कायमस्वरूपी व विनामोबदला वापरण्याचा, त्यांत बदल करण्याचा आणि इतरांना वापरू देण्याचा परवाना देत आहे. हा परवाना मागे घेता येणार नाही. स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडेच राहील.’

शेवटचं वाक्य दोन्हीकडे अक्षरशः एकच आहे, आणि फसायला होतं ते तिथंच. ‘कॉपीराइट तुमचाच’ हे वाचून माणूस निर्धास्त होतो. ते खोटं नाही. कॉपीराइट आयोजक देत नसतोच, तो शटर दाबल्याबरोबर तुमचा होतो. स्वामित्वहक्काच्या आंतरराष्ट्रीय कराराची, म्हणजे १८८६ च्या बर्न कराराची चौकट आज १८० हून अधिक देशांनी मान्य केलेली आहे आणि त्यात नोंदणीची किंवा शिक्क्याची अट नाही. प्रश्न तो हक्क कुणाच्या नावावर आहे हा नसून, नावावर ठेवून वापर कुणाच्या हाती गेला हा आहे. घर तुमच्या नावावर, पण किल्ली कायमची दुसऱ्याकडे आणि वर त्याला पोटभाडेकरू ठेवायची मुभा! माझ्या फोटोत ती विमा कंपनी पोटभाडेकरू होती. ‘इतरांना वापरू देण्याचा’ या तीन शब्दांच्या सवलतीतून ती आत आली.

‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्दही वकिलानं भर घालायला टाकलेले नसतात. देशोदेशीचे कायदे वेगवेगळे आहेत. भारतीय कायद्यात हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. जर्मनीत तर खुद्द स्वामित्वहक्क जिवंतपणी दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही, फक्त वापराचा हक्क देता येतो. अमेरिकेत मालकी द्यायची तर सहीनिशी लेखी द्यावं लागतं. म्हणून नियम लिहिणारा मालकी मागतच नाही. सगळीकडे चालेल असा अमर्याद परवाना मागतो. त्याचं काम तेवढ्यानं होतं. ‘कोणत्याही कारणासाठी’मध्ये आता एआयला शिकवण्यासाठी फोटो देणंही बसू शकतं. दहा वर्षांपूर्वी वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात ते नसेलही, पण वाक्य तेच आहे.

एवढं हाताशी घेऊन स्पर्धांचे प्रकार ताडून बघू.

क्लब आणि सलोन, म्हणजे निवडक फोटोंचं प्रदर्शन भरवणारी स्पर्धा, हा हौशी छायाचित्रकारांचा जुना रस्ता. फियाप ही १९५० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना किंवा १९३४ ची पीएसए, म्हणजे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, यांची मान्यता घेऊन जगभर अशी सलोन भरतात. प्रवेश शुल्क असतं, निवड झालेले फोटो मोजले जातात आणि त्या गणतीवर पुढे नावापुढं लावायच्या पदव्या मिळतात. हक्कांच्या बाजूनं इथं सहसा फार गमावायचं नसतं: प्रदर्शन, कॅटलॉग, संकेतस्थळ, संपलं. गमावता ते पैसे, आणि थोडी स्वतःची नजरही. परीक्षकांना काय आवडतं हे कळलं की माणूस तेच काढायला लागतो. धुक्यातून येणारे तेच ते किरण मी स्वतः किती काढलेत ते विचारू नका.

याच्याच शेजारी, पण वेगळ्या तोलाची, म्हणजे मोठ्या नावाची शुल्कवाली स्पर्धा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ घ्या. अशा ठिकाणी आयोजकाला तुमच्या फोटोंचा साठा करायचा नसतो, त्याची पत प्रदर्शनावर आणि निवडीच्या चोखपणावर उभी असते. २०१७ मध्ये गौरवलेल्या एका फोटोतला मुंगीखाऊ प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला आणि २०१८ मध्ये तो फोटो बाद झाला. २००९ चा विजेता लांडगाही असाच गेला, तो माणसाळवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं म्हणून. त्यामुळं इथं मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी निघालेली फाइल, मागतात आणि ते रास्त आहे. पण मागण्याची वेळ पाहा. अंतिम फेरीत पोचलेल्यांकडून पडताळणीसाठी रॉ फाइल मागणं वेगळं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून मोठ्यात मोठ्या आकाराची फाइल मागणं वेगळं. छाननीला स्क्रीनवर दिसेल एवढा फोटो पुरतो. छपाईच्या आकाराची फाइल जो आधीच मागतो त्याला छापायचं असतं.

शुल्क घेणाऱ्यांत एक तिसरी जातही आहे. नाव भारदस्त, गट पन्नास, दर गटाला वेगळं शुल्क, आणि निकालात इतके ‘सन्मानपात्र’ की हरलेला शोधावा लागतो. मग प्रमाणपत्र आणि मानचिन्ह विकत घ्यायचं. अशांचं हक्कांचं कलम बहुतेकदा स्वच्छ असतं, कारण त्यांचा धंदा फोटोंचा नाहीच. तुमचे पैसे, तुमची मर्जी.

खरी गोम आहे ती कंपन्या, पर्यटन खाती, मासिकं आणि संस्था यांच्या फुकट स्पर्धांत. ‘फुकट ते पौष्टिक’ हा नियम इथं लावू नका. एखाद्या जाहिरात विभागाला वर्षभर पुरतील इतके फोटो विकत घ्यायचे किंवा काढून घ्यायचे तर मोठा खर्च येतो. तेच एक कॅमेरा बक्षीस म्हणून ठेवला तर हजारो माणसं आपापल्या गावातली, आपापल्या ऋतूतली चित्रं स्वखर्चानं आणून देतात, वर मथळे लिहून. सगळेच आयोजक हा हिशेब मांडून बसलेले असतात असं नाही. कित्येक छोट्या संस्थांनी दुसऱ्याच्या नियमावलीची नक्कल केलेली असते आणि नियम १४ मध्ये काय आहे हे त्यांनाही माहीत नसतं. म्हणून फुकट म्हणजे वाईटच असंही नाही. पण कलम न वाचता तो फरक कळत नाही.

हॅशटॅगवाल्या स्पर्धा याच कुळातल्या. फोटो समाजमाध्यमावर टाकला म्हणजे तो सार्वजनिक झाला, कुणीही घ्यावा, असा एक समज असतो. तो चुकीचा आहे. २०१० च्या हैती भूकंपाचे डॅनियल मोरेल यांनी ट्विटरवर टाकलेले फोटो एएफपी ही वृत्तसंस्था आणि गेटी ही फोटो पुरवणारी कंपनी यांनी परवानगीशिवाय वापरले. २०१३ मध्ये ज्यूरीनं त्यांना १२ लाख डॉलर मिळावेत असा निकाल दिला. म्हणजे नुसतं टाकल्यानं हक्क जात नाही. पण ‘हा हॅशटॅग वापरणे म्हणजे खालील अटी मान्य करणे’ असं स्पर्धेनं लिहिलेलं असेल आणि तुम्ही तो वापरलात, तर तुमची बाजू तितकी बळकट राहत नाही. ऑनलाइन मतांवर निकाल लावणाऱ्या स्पर्धांबद्दल एवढंच सांगतो की तिथं फोटोबरोबर तुमच्या मित्रांचे ईमेल पत्तेही गोळा होतात.

पाचवा प्रकार दिसायला सगळ्यात महागडा: मुक्त परवान्याच्या स्पर्धा. ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही विकिपीडियाच्या परिवारातली, वारसा वास्तूंच्या फोटोंची स्पर्धा २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली. २०११ मध्ये तिच्यात १ लाख ६८ हजारांहून अधिक फोटो आले आणि जगातली सर्वांत मोठी छायाचित्रस्पर्धा म्हणून गिनेस नोंद झाली. इथं हरलेला फोटोही मुक्त परवान्याखाली जातो, कायमचा, आणि कुणीही तो व्यापारी कामासाठीसुद्धा वापरू शकतो. कागदावर पाहिलं तर माझ्या नियम १४ पेक्षा हे जास्तच देणं आहे. मग मी ही स्पर्धा त्या स्पर्धेच्या वर का ठेवतो? कारण इथल्या नेहमीच्या परवान्यात वापरणाऱ्याला तुमचं नाव देणं बंधनकारक आहे आणि बदल करून पुढे दिलं तर तेही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. शिवाय देणं सगळ्यांना आहे, एकट्या आयोजकाच्या गोदामात नाही: शाळेतली मुलगीही घेणार आणि प्रकाशकही घेणार. आणि काय देताय ते पहिल्या पानावर ठळक लिहिलेलं असतं. दान आणि खिसेकापूपणा यांत पाकिटातून जाणारी रक्कम सारखीही असू शकते. मात्र एखादा फोटो पुढेमागे विकायचा विचार असेल तर तो इथं पाठवू नका. परवाना मागे घेता येत नाही.

नावाचा मुद्दा निघालाच आहे तर एक लक्षात ठेवा. बर्न करारात १९२८ साली निर्मात्याच्या नैतिक हक्कांचं कलम आलं: आपल्या कामावर आपलं नाव असावं, आणि आपली अब्रू जाईल अशी मोडतोड होऊ नये. फ्रान्समध्ये हा हक्क सोडून देता येत नाही. काही देशांत लेखी सोडता येतो, आणि नियमावल्यांत ‘नैतिक हक्क बजावणार नाही’ अशी ओळ हमखास असते. ‘शक्य तेथे नाव दिले जाईल’ हे वाक्य मी ‘नाव दिले जाणार नाही’ असंच वाचतो.

आतापर्यंत बोललो ते तुमच्या हक्कांबद्दल. फोटोतल्या माणसाचं काय? कित्येक नियमावल्यांत एक हमीचं कलम असतं: फोटोतल्या व्यक्तींची परवानगी घेतलेली आहे आणि त्यावरून कुणी दावा केला तर खर्चासह जबाबदारी स्पर्धकाची. प्रदर्शनात भिंतीवर लावलेल्या फोटोसाठी ही जोखीम लहान असते. तोच चेहरा जाहिरातीत गेला की बऱ्याच देशांत त्या व्यक्तीची वेगळी, लेखी संमती लागते, लहान मूल असेल तर पालकांची. म्हणजे दुसऱ्या धर्तीच्या कलमात फायदा आयोजकाचा, फोटो वापरणार त्याचा ओळखीचा आणि नोटीस येणार तुम्हाला. त्या मुलाच्या आईनं मला फोटो काढू दिला होता, पत्रकासाठी नव्हे. ती भांडली नाही, हे माझं नशीब. तिनं फक्त विचारलं, “तुम्हाला किती मिळाले?” काहीच नाही म्हटल्यावर तिला ते खरं वाटलं नाही.

मग निवड कशी करायची? मी स्पर्धेवरून सुरुवात न करता फोटोवरून करतो. चेहरा ओळखू येणारा आणि मनाच्या जवळचा फोटो फक्त पहिल्या धर्तीच्या कलमाकडे जातो, शुल्क पडलं तरी. वास्तू, दरवाजे, पायऱ्या, जे मी कधी विकणार नाही आणि ज्याचा कुणाला उपयोग व्हावा असं वाटतं, ते मुक्त परवान्याकडे. कंपनीच्या फुकट स्पर्धेचं बक्षीस खरंच भुरळ घालणारं असेल तर तिथं असा फोटो पाठवतो, जो उद्या बिस्किटाच्या पुड्यावर दिसला तरी मला हसू येईल. आणि कलमात ‘अनन्य परवाना’ असा शब्द असेल तर काहीच पाठवत नाही, कारण मग तो फोटो माझ्या स्वतःच्या प्रदर्शनात लावायलाही मला त्यांना विचारावं लागेल.

कलम गोलमाल वाटलं तर आयोजकांना आधी लिहून विचारावं, हे फार थोडे लोक करतात. ‘हरलेल्या फोटोंचं तुम्ही काय करता आणि किती दिवसांनी पुसता?’ एवढाच प्रश्न पुरतो. दोनदा मला उत्तरात सुधारलेली नियमावली आली आहे. एकदा उत्तरच आलं नाही, तेव्हा मी फोटोही पाठवला नाही. मान्य करताना त्या दिवशीच्या नियमांची प्रत उतरवून ठेवा. नंतर पान बदललेलं असू शकतं.

यंदा एका चांगल्या प्रदर्शनाचं आवाहन आलं. फक्त निवडलेले फोटो, दोन वर्षं, नावासह, पोटपरवाना नाही. छत्रीचा तो जुना फोटो बाहेर काढला, त्या मुलाच्या आईला फोन करून विचारलं, ती हो म्हणाली. अर्ज भरत शेवटच्या अटीपर्यंत आलो. ‘छायाचित्राचा यापूर्वी व्यावसायिक वापर झालेला नसावा.’