आयर्न फे की फोक ऑफ द एअर: सुट्टीत आधी कोणती?

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाता खाता भाचीनं विचारलं, "मावशी, परीवाले दोन सेट बघून ठेवलेत. आई म्हणते एकच मिळणार. कुठला घेऊ?" एक ज्युली कागावाचा 'आयर्न फे', दुसरा होली ब्लॅकचा 'फोक ऑफ द एअर'. दोन्ही मी वाचलेत. तरी उत्तर लगेच देता येईना, कारण ते वाचणाऱ्यावर ठरतं.

आधी 'परी' या शब्दाचा घोळ मिटवते. आपल्याकडे परी म्हणजे पंख, छडी आणि तीन वर. या पुस्तकांतली जमात तसली नाही. आमची आजी तिन्हीसांजेला विहिरीकडं जाऊ द्यायची नाही, "आसरा धरतील" म्हणायची. त्या साती आसरांच्या जवळची ही मंडळी आहेत. देखणी, मानी, आपल्याच नियमानं चालणारी, आणि मान राखला नाहीत तर जिवावर उठणारी. लहान बहिणीसाठी गोड गोष्ट शोधत असाल तर दोन्ही सेट राहू देत.

आयर्न फेचा पहिला भाग, 'द आयर्न किंग', 2010 चा. मेगन चेस ही लुईझियानातल्या आडगावातली मुलगी. सोळाव्या वाढदिवसाच्या सुमारास तिचा चार वर्षांचा भाऊ ईथन पळवला जातो आणि त्याच्या जागी त्याच्याच रूपातलं भलतंच पोर घरात येतं. त्याला आणायला ती नेव्हरनेव्हर नावाच्या या जमातीच्या मुलखात जाते. तिथं उन्हाळ्याचा दरबार ओबेरॉनचा, हिवाळ्याचा राणी मॅबचा. ओबेरॉन आणि मेगनचा मित्र पक हे शेक्सपिअरच्या नाटकातलेच. मेगनचा खरा बाप ओबेरॉन आहे, हे लवकरच कळतं.

या मालिकेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लोखंड. या जमातीला लोखंड सोसत नाही, ही तिकडची जुनी समजूत. आपल्याकडेही बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, तेव्हा नवल वाटायला नको. कागावानं त्यावर एक पाऊल पुढं टाकलंय. जुनी जमात माणसाच्या कल्पनेवर जगते, आणि माणसं यंत्रांची स्वप्नं बघायला लागली तेव्हा त्या स्वप्नांतून लोखंडाचीच एक नवी जमात जन्मली. तिचा राजा मशिना. तो जसजसा पसरतो तसतसा जुना मुलूख नासत जातो. शिरोलीच्या फाउंड्र्या बघत वाढलेल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

खोट म्हणाल तर पहिल्या भागात मेगन फार वेळा रडते आणि तिला फार वेळा कुणीतरी वाचवतं. हिवाळ्याचा राजपुत्र अ‍ॅश एकीकडं, पक दुसरीकडं, ही ओढाताणही ओळखीचीच. मात्र ग्रिमॉल्किन नावाचा बोलका बोका आहे. तो प्रत्येक मदतीची किंमत लावतो आणि ऐन लढाईच्या वेळी गायब होतो. त्याच्यासाठी मी चारही भाग वाचले असते.

फोक ऑफ द एअरची सुरुवातच वेगळी आहे. 'द क्रुएल प्रिन्स' (2018) उघडलं की पहिल्या काही पानांतच सात वर्षांच्या ज्यूडसमोर तिच्या आईवडिलांचा खून होतो. खुनी मॅडॉक हा या जमातीच्या फौजेचा सेनापती. ज्यूडची थोरली बहीण विवी त्याची मुलगी, पण तो तिघी बहिणींना उचलून एल्फहेम या आपल्या मुलखात नेतो आणि पोटच्या पोरींसारखं वाढवतो. तलवार शिकवतो, डावपेच शिकवतो. ज्यूडला तो आवडतो आणि त्यानं काय केलंय तेही ती विसरत नाही. हे नातं म्हणजे या मालिकेचा कणा. राजपुत्र कार्डनबरोबरचं आधी वैर, मग ओढ, हे प्रकरण गाजलं खरं, पण माझ्या मते मॅडॉकपुढं ते दुय्यम आहे.

या जगातला एक नियम मराठी वाचकाला खास आवडावा: इथल्या लोकांना खोटं बोलताच येत नाही. म्हणून अख्खा दरबार 'नरो वा कुंजरो वा' करण्यात पटाईत. खरंच बोलायचं, पण समोरचा फसेल अशा बेतानं. ज्यूड माणूस, तिला सरळ खोटं बोलता येतं, आणि तेच तिचं हत्यार. बाकी तिच्याजवळ काही नाही. जादू लागू नये म्हणून ती जेवणात मीठ टाकते, गळ्यात रोवन नावाच्या झाडाची फळं घालते. विष पचावं म्हणून रोज थोडं थोडं विष खाते. तालमीत पहाटे उठून जोर मारणाऱ्या पोरासारखी जिद्द आहे तिची.

इथंच मला दोन्हींतला खरा फरक दिसतो. मेगनला ताकद रक्तातून मिळते, वतन मिळावं तशी. ज्यूडला कुणी काही देत नाही, ती हिसकावून घेते आणि घेताना तिचे हात बरबटतात. आपल्यातही काहीतरी दडलेलं आहे, ते एक दिवस बाहेर येईल, असं ज्या वयात वाटतं त्या वयाला मेगन जवळची. वर्गात कुणी डिवचलंय, अपमान गिळून बसलीय, अशा मुलीला ज्यूड. मात्र ज्यूडचा छळ इथं सौम्य करून लिहिलेला नाही. हळव्या मुलीला दोन वर्षं थांबू द्यावं.

इंग्रजीचं सांगायचं तर सेमी इंग्रजीत शिकलेल्या मुलीला आयर्न फे सोपी जाते. वाक्यं सरळ, घटना झपझप. होली ब्लॅकची गोष्ट वर्तमानकाळात चालते, दरबारी नावं ढीगभर आणि कारस्थानांत कारस्थानं. पहिली शंभर पानं नेटानं काढावी लागतात, मग पुस्तक खाली ठेववत नाही.

खर्च बघणाऱ्यांसाठी: फोक ऑफ द एअरची मूळ गोष्ट तीन पुस्तकांत संपते, 2018 ते 2019. तिसरं, 'द क्वीन ऑफ नथिंग', सगळ्यात छोटं, आणि मला जरा घाईतच उरकल्यासारखं वाटलं. आयर्न फेची मूळ पुस्तकं चार. त्यातलं चौथं, 'द आयर्न नाइट', अ‍ॅशच्या तोंडून येतं. नंतर ईथन मोठा झाल्यावरची तीन आणि त्यापुढची आणखी तीन आहेत, पण चारांवर थांबलात तरी काही अडत नाही.

एक सावधगिरी. दुकानात याच रांगेत सारा जे. मास हिचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' दिसेल. त्यातही हीच जमात आणि माणसाची पोर आहे, पण पुढच्या भागांतली शृंगाराची वर्णनं मोठ्यांसाठीचीच आहेत. मुखपृष्ठ बघून दहावीच्या मुलीला देऊ नका.

भाचीला मी आयर्न फे सांगितली होती. तिनं दुसरीच घेतली. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "मावशी, नाद खुळा पुस्तक! मी रात्रभर झोपलोच नाही." पाठोपाठ बहिणीचा फोन. तिनं सहज म्हणून पहिली चार पानं चाळली होती.

"आईबापाचा खून? आणि हे तू सांगितलंस तिला?"