घरघंटी: उन्हाळा, पावसाळा, थंडी काढल्यानंतरचा अनुभव

घरात रोज भाकरी होत असेल तर घरघंटी जरूर घ्यावी. फक्त गव्हाच्या पोळ्या होत असतील तर कोपऱ्यावरच्या गिरणीत दळण टाकत राहावं. तिन्ही ऋतूंत वापरून माझं मत इथवर आलं आहे. त्यामागची कारणं, आणि विक्रेता सांगत नाही पण वापरताना रोज आडव्या येतात अशा गोष्टी पुढे लिहिते.

यंत्र नेहमीचं आहे: एक अश्वशक्तीची मोटर, वर धान्य ओतायचा हॉपर, मधे दळायचं चेंबर, खाली पिठाचा स्टीलचा डबा आणि त्यावर कापडी फिल्टर. यात जात्यासारखे दगड नसतात. मोटरवर बसवलेली पोलादी पाती मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेतात, दाण्याला आपटून फोडतात, आणि पीठ भोवतीच्या जाळीतून बाहेर पडतं. म्हणजे पीठ किती बारीक होणार हे सर्वस्वी जाळीवर अवलंबून. गिरणीवाला दगड सैल-घट्ट करतो, इथे जाळी बदलायची.

पैशाचा हिशोब आधी, कारण खरेदीच्या वेळी बहुतेकांची समजूत इथेच चुकते. महिन्याला २० किलो धान्य आणि गिरणीचा दर किलोला ८ रुपये धरला तर दळणावळीचे १६० रुपये होतात. घरघंटी तासाला साधारण एक युनिट वीज घेते आणि तेवढ्यात बारीक जाळीवर ६ ते ७ किलो गहू निघतो. २० किलोला तीन युनिट, म्हणजे तीसेक रुपये. महिन्याची बचत १३० रुपये. यंत्र १५ हजारांचं असेल तर ते वसूल व्हायला साडेनऊ वर्षं लागतील. तेव्हा पैसे वाचतात म्हणून कुणी घेऊ नये. हे यंत्र ताज्या पिठासाठी घ्यायचं, आणि तो फायदा खरोखर मोठा आहे.

सर्वात जास्त फरक बाजरीत पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम बाजरीत सुमारे साडेपाच ग्रॅम स्निग्धांश आहे; गव्हात दीडच्या आसपास. बाजरीचा कोंब (दाण्यातला रुजणारा भाग) दाण्याच्या मानाने मोठा असतो आणि हे तेल मुख्यतः त्यातच असतं. दाणा अखंड आहे तोवर ते सुरक्षित राहतं. दळलं की लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) तेलाला भिडतं, त्याची आम्लं सुटू लागतात आणि पीठ कडवट होतं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांतच भाकरीला ती कडू चव येऊ लागते. अख्खी बाजरी मात्र कोरड्या डब्यात महिनोन्महिने टिकते. म्हणून बाजरी एका वेळी अर्धा ते एक किलोच दळावी. गिरणीत इतकंसं दळण घेऊन जायला संकोच वाटतो आणि काही ठिकाणी ते घेतही नाहीत. घरी हा प्रश्नच उरत नाही. पीठ उरलंच तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावं.

ज्वारीचं दुखणं वेगळं. तिचं पीठ लवकर कडू होत नाही, पण विरी, म्हणजे पीठ धरून राहण्याचा गुण, जाते. शिळ्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात, उचलताना मधून तुटते. ज्वारीत ग्लूटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) नसतं, त्यामुळे भाकरी धरून ठेवायचं काम ओल्या, गरम स्टार्चलाच करावं लागतं. पीठ ताजं आणि बारीक असेल तर कोमट पाण्यातही गोळा छान मळला जातो. आठ-दहा दिवस झाले की उकळतं पाणी लागतं, आणि त्यापुढे उकड काढूनच भाकरी करावी लागते. घरच्या ताज्या पिठाला वाटीमागे पाऊण वाटी पाणी पुरतं. तळहाताच्या टाचेने दोन-तीन मिनिटं रगडून मळलं की थापताना कड गुळगुळीत येते. शाळू घ्यावी, शक्यतो मालदांडी. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे, पण बार्शी-मोहोळकडची चांगली शाळूही तितकीच पांढरी आणि गोड भाकरी देते. पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी कितीही ताजी दळली तरी भाकरी उग्रच लागते. त्याचा दोष यंत्राला देऊ नये.

दळण बरोबर झालं का हे बघायला पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळावं. ज्वारी, बाजरी आणि मोदकाची पिठी बोटाला पावडरसारखी लागली पाहिजे. गव्हाला अगदी किंचित कण जाणवला तरी चालतो. जाळ्यांवरचे आकडे कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे कुणी 'एक नंबर वापर' असं सांगितलं तर ते तसंच धरू नये. जाळी उजेडासमोर धरून भोकं बघावीत आणि मार्करने काठावर 'भाकरी', 'पोळी', 'भाजणी', 'रवा' असं लिहून टाकावं. हा खटाटोप पहिल्याच आठवड्यात केलेला बरा.

आता गव्हाबद्दल, जिथे मी यंत्राला पैकीच्या पैकी गुण देणार नाही. दगडी गिरणीत पीठ दाबलं आणि घासलं जातं, इथे आपटलं जातं. घरघंटीचं पीठ कमी तापतं, पण पाणी शोषायला जास्त वेळ घेतं आणि कोंड्याचे तुकडे चुरचुरीत राहतात. कणीक भिजवून लगेच पोळ्या लाटल्या तर त्या दुपारपर्यंत वातड होतात. यावर उपाय आहे. अर्धा किलो पिठाला ३२५ ते ३५० मिली पाणी घालून कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवावी, निदान अर्धा तास झाकून ठेवावी, मग तेलाचा हात लावून पुन्हा मळावी. लोकवनची पोळी अशाने चांगली मऊ राहते. खपलीला चिवटपणा मुळातच कमी, तिची कणीक जरा घट्टच ठेवावी. हौसेने कोंडा चाळून टाकणार असाल तर घरी दळायच्या कष्टाला फारसा अर्थ नाही. तंतू बहुतेक त्या कोंड्यातच असतात.

यंत्र बिघडण्याची, पीठ बिघडण्याची बहुतेक कारणं ओलाव्यापाशी येऊन थांबतात. गहू धुऊन वाळवायची सवय अनेक घरांत आहे. वरून कोरडा दिसणारा दाणा आत ओलसर असतो. असा गहू घातला की पीठ जाळीला आतून लेपासारखं बसतं, भोकं बुजतात, मोटरचा आवाज जड होतो आणि ओव्हरलोडचं बटण पडतं. पारख सोपी आहे: दाणा दातांखाली धरावा. कट्‌ आवाज होऊन तुटला तर दळायला तयार, नुसता चेपला तर आणखी ऊन हवं. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा धान्य जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवावं आणि पूर्ण गार करूनच दळावं. गरम धान्य घातलं तर वाफ धरते आणि जाळी तशीच लेपते. जाळीवर थर बसलाच तर ती काढून कडक ब्रशने उलट्या बाजूने झाडावी. सुई किंवा चाकूने भोकं मोकळी करायला जाऊ नये, भोक मोठं झालं की त्या जाळीचं पीठ कायमचं रवाळ येतं.

ताज्या पिठाचा डबा लगेच बंद करणं हीसुद्धा अशीच चूक. पीठ कोमट असतं, झाकणाला आतून दव धरतं, ते पिठात पडून गुठळ्या होतात आणि आठवड्याभरात कीड लागते. परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच भरावं.

चालू-बंद करायचा क्रम पाळायलाच हवा. आधी मोटर रिकामी सुरू करावी, तिने वेग घेतला की धान्याची खिटी थोडी थोडी उघडावी. बंद करताना आधी खिटी बंद, मग मिनिट-दोन मिनिटं चेंबर रिकामं होऊ द्यावं, मग बटण. दळताना वीज गेली तर दाणे पात्यांत अडकून राहतात आणि वीज आल्यावर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबलं तर वाइंडिंग जळू शकतं. प्लग काढून चेंबर हाताने रिकामं करावं, मगच सुरू करावं. प्लग सोळा ॲम्पिअरचा हवा आणि अर्थिंग तपासून घ्यावं. मिक्सरच्या पॉइंटवर हे यंत्र लावू नये.

धान्य निवडून, पाखडून घेण्याला पर्याय नाही. एक खडा गेला तरी आत ठिणगी उडते आणि जाळीला भोक पडू शकतं. नाचणीत बारीक खडे फार असतात. ती धुऊन, रोळून, कडक वाळवून घ्यावी. दाणा इतका बारीक की खिटी पूर्ण उघडली तर भसकन खाली येतो आणि चेंबर तुंबतं, म्हणून पाव खिटी पुरे. मोड आणलेली नाचणी तर हातात खुळखुळ वाजेपर्यंत वाळवावी. ही खटपट करण्यासारखी आहे: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हात चाळीसच्या आत.

भाजणी हा घरघंटीचा सर्वात आनंदाचा भाग. थालीपिठासाठी बाजरी आणि ज्वारी प्रत्येकी दोन वाट्या, गहू, तांदूळ, हरभरा डाळ एकेक वाटी, उडीद आणि धने अर्धी अर्धी वाटी, दोन चमचे जिरं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, पूर्ण गार करायचा आणि जाडसर जाळी लावायची. बारीक दळली तर थालीपीठ चिकट आणि घट्ट होतं. चकलीचं उलट: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ आणि सर्वात बारीक जाळी, नाहीतर सोऱ्यातून पडतानाच काटे तुटतात. भाजणी नेहमी शेवटी दळावी, धन्या-जिऱ्याचा वास चेंबरमध्ये राहतो. नंतर दोन मुठी तांदूळ फिरवले की वास निघतो, आणि ते पीठ धिरड्यात खपतं.

शेंगदाणे, तीळ, जवस यांचं तेल सुटून जाळी गच्च होते, ते यात घालायचेच नाहीत. सोयाबीन एकटं कधीही नको. किलोभर गव्हात १०० ग्रॅम मिसळून चालतं. हळकुंड आणि मिरची या यंत्रात दळू नये. पुढचे कित्येक दिवस पोळी झणझणीत लागते. उकडीच्या मोदकांची पिठी करताना तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण सुकवावे; ओलसर असतानाच दळायचे असतील तर मिक्सरच बरा.

दर दळणानंतर चेंबरच्या कोपऱ्यांत मूठभर पीठ उरतंच. ते तसंच ठेवलं तर पोरकिडे होतात आणि पुढच्या पिठाला खवट वास येतो. प्लग काढून ब्रशने झाडायला पाच मिनिटं लागतात. आत पाण्याचा थेंबही नको. कापडी फिल्टर प्रत्येक वेळी झटकावा, महिन्यातून एकदा धुऊन खडखडीत वाळवावा. तो बुजला की हवा अडते आणि दाराच्या फटीतून पीठ उडतं. अनेकांना वाटतं दाराचं रबर गेलं. बहुतेक वेळा नुसता फिल्टर तुंबलेला असतो.

तब्येतीच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. घरात कुणाला सिलिअ‍ॅक (ग्लूटेन न सोसण्याचा आजार) असेल आणि त्याच यंत्रात गहूही दळला जात असेल, तर ब्रशने झाडून भागत नाही. त्या व्यक्तीसाठी यंत्र पूर्ण बिनगव्हाचंच हवं. आणि मधुमेहासाठी म्हणून ज्वारीकडे वळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं ६७-६८ ग्रॅम असतात, गव्हापेक्षा थोडी जास्तच. भाकरी पोटभरीची आहे, तंतू भरपूर आहेत, पण दोन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच.

तक्रारी दोन. आवाज मिक्सरइतका आणि सलग पाऊण-एक तास, त्यामुळे फ्लॅटमध्ये दुपारी आणि रात्री दळता येत नाही. खाली जाड रबरी मॅट घातली की थरथर निम्म्याने कमी होते. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे: दाराचं रबर काही महिन्यांतच चिरलं आणि ते मिळवायला फार हेलपाटे पडले. म्हणून घेताना मॉडेलच्या दिव्यांपेक्षा गावातल्या गावात सुटे भाग मिळतात का हे विचारावं, आणि भाकरीची बारीक जाळी, दाराचं रबर, कापडी फिल्टर यांचा एकेक जादा नग त्याच दिवशी बिलात घालून घ्यावा. सर्वात आधी झिजते ती बारीक जाळीच.