खेळाडू, मोटारसायकल आणि वाफेचे इंजिन: आठ माहितीपटांचा परामर्श

'नाइट मेल' या १९३६ सालच्या ब्रिटिश माहितीपटात टपालाच्या डब्यातला एक मुरलेला कर्मचारी नवशिक्याला थैली कधी बाहेर काढायची ते शिकवतो. बाहेर काळोख आहे, गाडी पूर्ण वेगात आहे, आणि चामड्याची जड थैली रुळांलगतच्या जाळ्यात नेमकी पडायला हवी. खिडकीतून काही दिसण्याची सोय नसल्यामुळे हिशेब सगळा कानांवर आहे. दोन पूल मागे गेल्याचा आवाज ऐकायचा, मग रुळांच्या सांध्यांवर चाकांचे ४५ ठोके मोजायचे, आणि त्यानंतरच थैली पुढे करायची. नवशिक्या मोजू लागला की पाहणाराही त्याच्याबरोबर मोजू लागतो, आणि थैली जाळ्यात जाते तेव्हा आपलाच रोखलेला श्वास सुटतो.

थोर खेळाडू, मोटारसायकलच्या शर्यती आणि वाफेची रेल्वे या तीन विषयांवरचे माहितीपट मी अनेक वर्षे आवडीने पाहत आलो आहे, आणि या प्रसंगाने मला त्यांची कसोटी दिली. काम नेमके कसे होते हे पाहणाऱ्याला कळते का, एवढीच ती कसोटी आहे. तिन्ही ठिकाणी माणूस आपल्याहून कितीतरी मोठ्या बळाला क्षणाच्या अचूकतेने वळवत असतो. ते बळ कधी बॉयलरमधल्या वाफेचे असते, कधी इंजिनाचे, कधी समोरच्या मुष्टियोद्ध्याच्या खांद्याचे. किती शर्यती जिंकल्या, किती वेग गाठला, कोणी काय गौरव केला हे पुस्तकात वाचता येते. हात कसा चालतो हे मात्र पडद्यावरच कळते, आणि जो माहितीपट ते दाखवत नाही त्याच्या नायकाची थोरवी आपल्याला केवळ विश्वासावर घ्यावी लागते.

'नाइट मेल' ब्रिटनच्या टपालखात्याच्या चित्रपट विभागाने काढला. दिग्दर्शन हॅरी वॉट आणि बेसिल राइट यांचे, निर्मिती जॉन ग्रिअरसन यांची. लंडनहून स्कॉटलंडकडे रात्रभर धावणाऱ्या टपालगाडीची ही कहाणी जेमतेम २४ मिनिटांची आहे. पत्रांची वर्गवारी होते तो डबा प्रत्यक्षात धावत नव्हता. स्टुडिओत त्याची प्रतिकृती उभारली होती आणि खऱ्या टपाल कर्मचाऱ्यांना गाडीच्या झोक्याप्रमाणे डुलायला सांगितले होते. हे कळल्यावर काही जण या माहितीपटाला खोटा ठरवतात. मला तसे वाटत नाही, कारण डबा उभारलेला असला तरी पत्रे टाकणारे हात रोज रात्री तेच काम करणारे आहेत, आणि पत्त्यावर नजर पडताच योग्य कप्प्याकडे वळणारे मनगट कोणत्याही नटाला चार दिवसांत साधणारे नाही.

ध्वनीची बाजू अल्बेर्तो कावाल्कांती यांनी सांभाळली, आणि बेंजामिन ब्रिटन यांच्या संगीतात सँडपेपर घासण्याचा आवाजसुद्धा वाद्यासारखा वापरला आहे. शेवटच्या काही मिनिटांत डब्ल्यू. एच. ऑडन यांचे काव्य येते. गाडी स्कॉटलंडमधला बीटॉकचा चढ चढते तेव्हा शब्द सावकाश पडतात, उतार लागताच ते धावू लागतात, आणि इंजिनाची लय व भाषेची लय एकमेकींत मिसळतात. पंचवीस मिनिटेही नसलेल्या या माहितीपटाइतके शिकवणारे दुसरे काही मला या विषयात आढळले नाही. उणीव एकच, पण ती खरी आहे. खात्यानेच काढलेला माहितीपट असल्यामुळे रात्रपाळीचा शीण, पगार, घरी वाट पाहणारी माणसे यांतले काहीच त्यात नाही.

त्यामानाने १९५४ सालचा 'एलिझाबेथन एक्सप्रेस' दिसायला देखणा असूनही वरवरचा आहे. लंडन ते एडिंबरा हे ३९३ मैल वाटेत कुठेही न थांबता साडेसहा तासांत कापणाऱ्या गाडीचा तो प्रवास आहे. यमकांनी भरलेले निवेदन दहा मिनिटांनंतर कंटाळा आणते. तरीही दोन दृश्यांसाठी तो पाहावाच. एकात धावते इंजिन रुळांच्या मधल्या पन्हळीतून पाणी उचलून घेते. दुसऱ्यात पाळी बदलण्यासाठी चालक आणि भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन टेंडरमधल्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातल्या, अरुंद बोळातून ये-जा करतात. इतक्या लांबच्या विनाथांबा धावेचे सारे गुपित या दोन सोयींत आहे, आणि ते पडद्यावर दिसते तेवढ्या वेळ निवेदनाकडे लक्ष जात नाही.

मोटारसायकलींकडे वळताना सुरुवात 'ऑन एनी संडे'पासूनच करावी लागते. १९७१ चा हा अमेरिकी माहितीपट ब्रूस ब्राउन यांनी दिग्दर्शित केला, निवेदनही त्यांचेच आहे, आणि पैसा उभा केला तो अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांच्या कंपनीने. त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. मॅक्वीन स्वतः त्यात मोटारसायकल चालवतात आणि चांगली चालवतात, परंतु माहितीपटाचा कणा आहेत मर्ट लॉविल आणि माल्कम स्मिथ हे दोन स्वार.

लॉविल हे ग्रँड नॅशनल या अमेरिकी मोटारसायकल शर्यतमालिकेचे १९६९ चे विजेते. विजेत्याला पुढच्या हंगामात गाडीवर १ हा आकडा लावण्याचा मान मिळतो, आणि १९७० च्या हंगामात तो आकडा राखण्याची त्यांची धडपड हा या माहितीपटाचा गाभा आहे. मातीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवर स्वार डावीकडे वळताना डावा पाय जमिनीवर टेकवतो, त्या बुटाला पोलादी तळ बसवलेला असतो, मागचे चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूला घसरू दिले जाते, आणि पुढचे चाक वळणाच्या उलट दिशेला रोखलेले असते. वर्णन वाचताना हे अशक्य वाटते. ब्राउन यांनी लांब पल्ल्याच्या भिंगातून आणि संथगतीत ते असे टिपले आहे की घसरण ही चूक नसून वळण्याची पद्धतच आहे हे एकही शब्द न उच्चारता कळते. शिरस्त्राणावर बसवलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण आज सर्रास दिसते. त्या काळी ते जड यंत्र डोक्यावर घेऊन शर्यतीच्या वेगाने गाडी हाकायची म्हणजे मानेची परीक्षाच होती.

लॉविल यांच्या वाट्याला त्या वर्षी बिघाडांमागून बिघाड आले आणि १ हा आकडा जीन रोमेरो यांच्याकडे गेला. पराभवाचा हा हंगाम ब्राउन यांनी आटोपता घेतला नाही, आणि इथेच त्यांचे मोठेपण आहे. शर्यतीमागून शर्यत, मैलोन्‌मैल रस्त्याने प्रवास आणि पुन्हा इंजिन उघडणे-जोडणे हे सारे पाहिल्यावर विजेतेपद मिळवायला आणि राखायला किती कष्ट पडतात याचा अंदाज येतो. पुढे याच लॉविल यांनी हात गमावलेल्या स्वारांना हँडल धरता यावे म्हणून कृत्रिम हात घडवला. माहितीपटात ते नाही, पण त्यांची यंत्रावरची पकड एकदा पाहिली की त्याचे नवल वाटत नाही.

माल्कम स्मिथ यांचा भाग वेगळ्या प्रकृतीचा आहे. स्पेनमधल्या एल एस्कोरियल येथे १९७० साली झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. तिथे स्वाराला आपली गाडी स्वतःच दुरुस्त करावी लागते, टायर स्वतःच बदलावा लागतो, आणि प्रत्येक ठाण्यावर ठरल्या वेळी पोहोचावे लागते. खडकाळ उतारावरून उतरताना इतरांच्या अंगात आलेला ताठरपणा आणि स्मिथ यांच्या गुडघ्यांतला सैलपणा एकापाठोपाठ पाहिला की गाडी हातांनी नव्हे, सगळ्या शरीराने चालवायची असते हा धडा कायमचा मनात बसतो. निवेदनातला खेळकरपणा काही ठिकाणी जुना वाटतो, आणि कसरतींची काही दृश्ये गाळली असती तरी चालले असते.

'टीटी थ्रीडी: क्लोजर टू द एज' हा २०११ चा माहितीपट ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन या बेटावरच्या २०१० सालच्या मोटारसायकल शर्यतींचा आहे. एरवी रहदारी असलेल्या रस्त्यांवरून, घरांच्या आणि दगडी भिंतींच्या कडेने जाणारा हा मार्ग सुमारे ६०.७ किलोमीटरचा आहे. स्वार दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात आणि प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते. त्या वर्षी इयन हचिन्सन यांनी एकाच सप्ताहात पाच शर्यती जिंकल्या, जे त्यापूर्वी कोणालाही साधले नव्हते. तरीही दिग्दर्शक रिचर्ड डी अरॅग्युस यांचे मन गाय मार्टिन या स्वारावर आहे. ते फार बोलके आहेत, त्यांनी ही शर्यत कधीच जिंकलेली नाही, आणि त्या सप्ताहात त्यांना भीषण अपघात झाला.

या माहितीपटाबद्दल माझे मन दुभंगलेले आहे. वेगाचा थरार तो पुरेपूर देतो, ध्वनिमुद्रण अव्वल आहे, परंतु दोनशेहून अधिक वळणे स्वार पाठ कशी करतो, कोणत्या खुणेवर ब्रेक लावतो, चाक जमिनीवरून उचलले जाते तेव्हा अंग कुठे नेतो, हे समजावण्याआधीच संकलन पुढच्या दृश्याकडे धावते. पाच वेळा जिंकणाऱ्या हचिन्सन यांचे कसब तर जवळजवळ झाकलेलेच राहते. मात्र त्या वर्षी प्राण गमावलेले न्यूझीलंडचे स्वार पॉल डॉब्स यांच्या पत्नीची मुलाखत ज्या संयमाने घेतली आणि ठेवली आहे, तिच्यासाठी मी या माहितीपटाचे सगळे दोष पोटात घालतो. त्या शर्यतीला दोष देत नाहीत, आणि दिग्दर्शक त्यांच्या बोलण्यावर स्वतःचे मत लादत नाही.

खेळाडूंवरच्या माहितीपटांत लिऑन गॅस्ट यांच्या 'व्हेन वी वेअर किंग्ज'ची बरोबरी करणारे थोडे आहेत. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झाईरच्या (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या) किन्शासा शहरात मोहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. अली ३२ वर्षांचे होते, फोरमन २५ वर्षांचे आणि तोवर अजिंक्य. जो फ्रेझर आणि केन नॉर्टन या अलींना हरवलेल्या दोघांनाही फोरमन यांनी दोन-दोन फेऱ्यांत संपवले होते. सरावात फोरमन यांच्या डोळ्याच्या वर जखम झाल्याने लढत पुढे ढकलली गेली. गॅस्ट मुळात तिथल्या संगीत महोत्सवाच्या चित्रणासाठी गेले होते. या लांबलेल्या मुक्कामात त्यांच्या हाती सोने लागले. पैशांच्या आणि कायद्याच्या अडचणींमुळे माहितीपट पूर्ण व्हायला मात्र १९९६ उजाडले, आणि मग त्याला ऑस्कर मिळाले.

लढतीतली चाल तो किती नेटकेपणाने उलगडतो हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या फेरीत अली डाव्या हाताने चाचपणी न करता थेट उजव्याचे ठोसे देतात. उजवा हात मागे असतो, त्याला लांबचे अंतर कापावे लागते, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला सावध व्हायला वेळ मिळतो. व्यावसायिक लढतीत असा आरंभ करणे म्हणजे समोरच्याचा अपमानच. लेखक नॉर्मन मेलर हे सांगत असतानाच आपण ते पाहत असतो. त्यानंतर अली दोरांना टेकून मार झेलत राहतात, फोरमन यांचे हात जड होत जातात, आणि आठव्या फेरीत सारे संपते. जाणत्याचे बोलणे आणि समोरचे दृश्य इतके एकजीव झालेले फार क्वचित दिसते. अन्याय झाला आहे तो फोरमन यांच्यावर. ते अखेरपर्यंत एक काळी सावली म्हणूनच वावरतात, आणि वीस वर्षांनंतर त्यांना काय वाटते हे विचारलेलेच नाही.

आसिफ कापाडिया यांचा 'सेना' (२०१०) संपूर्णपणे जुन्या चित्रणातून रचला आहे, आणि १९९१ मध्ये ब्राझीलची शर्यत अडकलेल्या गिअरवर जिंकल्यानंतर करंडक उचलायलाही बळ न उरलेले मोटारशर्यतींचे चालक आयर्टन सेना त्यात पाहणे हा विलक्षण अनुभव आहे. त्यांचे प्रतिस्पर्धी अलेन प्रोस्ट यांची बाजू मात्र तोकडी पडते. याउलट फुटबॉलवरचा 'झिदान' (२००६) एकाच सामन्यात १७ कॅमेरे एका माणसावर रोखतो. चेंडूशिवायची लांबच लांब मिनिटे, पायाचे टोक जमिनीवर घासण्याची सवय, मान वळवून घेतलेला अदमास, आणि शेवटी लाल कार्ड. ज्यांना गोलांची मालिका हवी आहे त्यांची निराशा होईल. फुटबॉलपटू चेंडू नसताना काय करतो हे ज्यांना पाहायचे आहे त्यांना याहून चांगले काही सापडणार नाही.

हे सारे माहितीपट पाहताना आवाजाची व्यवस्था चांगली असावी, कारण यांतला अर्धा आशय कानांनी घ्यायचा आहे. मोबाइलच्या लहानशा स्पीकरवर 'नाइट मेल'चे ठोके ऐकूच येत नाहीत. जुन्या रेल्वेपटांच्या सुधारलेल्या प्रती ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने काढल्या आहेत, त्याच घ्याव्यात.

नव्याने पाहणाऱ्याला मी पहिल्यांदा 'स्नोड्रिफ्ट ॲट ब्लीथ गिल' दाखवतो. १९५५ च्या फेब्रुवारीत उत्तर इंग्लंडमधल्या स्टेनमोरच्या डोंगराळ मार्गावर एक मालगाडी बर्फात रुतली, आणि कामगारांच्या टोळीने ती फावड्यांनी मोकळी केली. दहा मिनिटांचा हा माहितीपट आहे, त्यात कोणी प्रसिद्ध माणूस नाही, कोणता विक्रम नाही. इंजिनाचे दांडे गोठलेले आहेत म्हणून माणसे रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या पेटवून त्यांच्याशी धरतात, आणि पोलादावरचा बर्फ वितळून थेंब थेंब गळू लागतो. तो मार्ग १९६२ मध्ये बंद झाला. ७८०१८ क्रमांकाचे ते इंजिन पुढे भंगाराच्या आवारातून सोडवण्यात आले, दुरुस्त झाले आणि पुन्हा वाफेवर चालू लागले.