पहिली इलेक्ट्रिक गिटार: एक वेटोळे की दोन?

२० ते २५ हजार रुपयांत पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हटली की, बरीच घासाघीस होऊन शेवटी दोनच वाद्ये समोर उरतात, असा माझा अनुभव आहे. एक स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीचे, म्हणजे तीन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे तारेचा कंप विजेत बदलणारे भाग, आणि हलता ब्रिज, म्हणजे तारा अंगाशी जिथे टेकतात तो भाग, असलेले. दुसरे लेस पॉलच्या धाटणीचे, म्हणजे दोन हंबकर (दुहेरी वेटोळ्याचे पिकअप) आणि स्थिर ब्रिज असलेले. स्क्वायर आणि एपिफोन ही या दोन घराण्यांची परवडणारी नावे वाचकांना ठाऊक असतीलच, आणि त्याच आराखड्यांवर बेतलेल्या इतर गिटारीही बाजारात पुष्कळ आहेत. मी आधी पहिल्या धाटणीची घेतली, चौदा महिने वाजवली, आणि मग ती विकून दुसऱ्या धाटणीची आणली. त्यामुळे पुढील विवेचन अगदी तटस्थ आहे, असा दावा मला करता येणार नाही. मात्र ही तुलना कंपन्यांची नसून दोन रचनांची आहे. माझी तक्रारही रचनेविषयीच आहे, आणि खरे सांगायचे तर काही अंशी माझ्या घराविषयी.

हातात घेतल्याबरोबर जाणवणारा फरक तारेच्या लांबीचा असतो. स्ट्रॅट धाटणीत ती ६४८ मिलिमीटर असते, तर लेस पॉल धाटणीत ६२८ च्या आसपास. दोन सेंटीमीटरने असा काय फरक पडणार, असे मलाही वाटले होते. परंतु त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या की आखूड लांबीवर ताण कमी राहतो, आणि तार ओढून सूर चढवताना बोटाला ते लगेच कळते. लहानपणी मी काही वर्षे सतारीवर मींड घोटली असल्यामुळे असेल कदाचित, पण दुसऱ्या गिटारीवर हात लवकर बसला. उलट, मांडीवर घेऊन तासभर बसायचे असेल तर पहिल्या धाटणीचे कमनीय अंग फार सुखाचे वाटते, वरच्या फ्रेटांपर्यंत हातही सहज पोचतो. तिचे शीर सरळ असते. लेस पॉल धाटणीचे शीर मागे झुकलेले असते, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले वाद्य घसरून पडले तर नेमके तिथेच मोडण्याची भीती असते. घरात लहान मुले असतील किंवा जागा अपुरी असेल, तर हा मुद्दा हलका मानू नये.

हलत्या ब्रिजविषयी नवशिक्यांना बरेच घाबरवले जाते. तो स्प्रिंगांवर तोललेला असल्यामुळे एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात, हे खरे आहे. (स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या फेंडर कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांनी त्याला ट्रेमोलो हे नाव दिले, वास्तविक तो व्हायब्रेटो आहे, पण रेडिओ दुरुस्तीतून या धंद्यात आलेल्या आणि स्वतः गिटार न वाजवणाऱ्या त्या माणसाने इतके काही करून ठेवले आहे की, नावाची चूक पोटात घालावी.) मागचे झाकण काढून स्प्रिंगांचे दोन स्क्रू आवळले की ब्रिज लाकडावर घट्ट बसतो. मी पहिल्याच महिन्यात तसे केले आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

माझा निर्णय फिरवला तो आवाजाने, आणि तोही गिटार वाजत नसतानाच्या आवाजाने.

आमचे घर नारायण पेठेतील एका जुन्या इमारतीत आहे. वायरिंग इमारतीइतकेच जुने, आणि निम्म्या सॉकेटांना अर्थिंगच नाही. दुकानात रस्त्यावरच्या रिक्षा-दुचाकींच्या गलबल्यात जे कधीच ऐकू आले नव्हते, ते घरी पहिल्याच रात्री अ‍ॅम्पचा गेन (गिटारचा संकेत किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) वाढवताच ऐकू आले: एक अखंड ‘घूं’. सिंगल कॉइल पिकअपमध्ये चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे एकच वेटोळे असते. गिटारची तार कंप पावली की त्या वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण होते. परंतु गिटारची तार कोणती आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र कोणते, हे त्या बिचाऱ्या वेटोळ्याला कळत नाही. ते दोन्ही सारख्याच इमानाने अ‍ॅम्पकडे पोचवते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हा आवाज ५० आणि त्याच्या पटीत उमटतो, आणि ५० हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पाश्चात्य ‘जी’ (G) स्वराच्या किंचित वर. धड सुरातही नाही आणि धड दूरही नाही. शेजारच्या खोलीत कोणीतरी न जुळवलेला तानपुरा घेऊन बसले आहे, असे मला चौदा महिने वाटत राहिले.

या आवाजाची एक गंमत अशी की, तो दिशेवर अवलंबून असतो. खुर्चीवर बसून गिटारसह हळूहळू वळत गेले की, एका ठरावीक कोनात तो जवळजवळ नाहीसा होतो. आमच्या घरात तो कोन नेमका स्वयंपाकघराकडे तोंड करून बसल्यावर साधत असे, त्यामुळे माझा सराव फोडणीच्या साक्षीने होई. त्याशिवाय दुसरीही एक किरकिर होती. ती पंख्याच्या गोल फिरणाऱ्या जुन्या रेग्युलेटरची. तारांवर हात ठेवला की ती दबत असे, कारण तारा ब्रिजमार्गे अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि हात ठेवताच आपले शरीरही त्यात सामील होते. हात उचलला की किरकिर पुन्हा हजर. पंखा बंद केला तर ती पूर्ण थांबे. पण एप्रिलमधल्या दुपारी पुण्यात पंखा बंद करून डिस्टॉर्शनचा (गेन वाढवून मुद्दाम फाटवलेल्या आवाजाचा) सराव करून पाहावा, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल.

उपाय मी केले नाहीत असे नाही. तपकीर गल्लीतून तांब्याची चिकटपट्टी आणून एका रविवारी गिटारच्या पोटातील सर्व पोकळ्या आतून मढवल्या. किरकिर बरीच कमी झाली, ‘घूं’ मात्र जसाच्या तसा राहिला; कारण तांब्याचा पत्रा विद्युत क्षेत्र अडवतो, इतक्या कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रापुढे त्याचे काही चालत नाही. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज कापणारे उपकरण) लावून पाहिला. त्याने वादन थांबताच शांतता होई, पण लांबवलेला सूर विरत आला की तोही मध्येच कापला जाई, आणि सतारीवर वाढलेल्या कानाला ते सहन होईना. एक उपाय खरोखर चालला. पाच जागांच्या स्विचची दुसरी आणि चौथी जागा निवडली की दोन पिकअप एकत्र येतात, आणि मधला उलट वेटोळ्याचा असेल तर ‘घूं’ आपोआप मिटतो. शेवटचे कित्येक महिने मी त्या दोनच जागांवर काढले. पाच खोल्यांचे घर घेऊन दोन खोल्यांत संसार करावा, तसे ते झाले.

हंबकर म्हणजे हीच युक्ती एकाच पिकअपमध्ये बसवलेली. दोन वेटोळी उलटसुलट गुंडाळायची आणि त्यांचे चुंबकही उलट ठेवायचे. त्यामुळे तारेचा नाद दोन्हींत मिळून वाढतो आणि बाहेरून आलेला ‘घूं’ परस्परांना खोडून काढतो. लेस पॉल बनवणाऱ्या गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हे साधले आणि १९५७ पासून ते गिटारींवर दिसू लागले. १९५२ मध्ये बाजारात आलेल्या लेस पॉलमध्येसुद्धा सुरुवातीला एकेरी वेटोळ्याचेच पिकअप होते, ही गोष्ट मला नंतर समजली आणि थोडे बरे वाटले. माझी दुसरी गिटार मी घरी आणून त्याच सॉकेटला, त्याच अ‍ॅम्पला, पंखा चालू ठेवून जोडली आणि गेन पूर्ण वाढवला. अ‍ॅम्पची स्वतःची हलकी ‘स्स’ तेवढी ऐकू आली. रात्री हेडफोन लावून वाजवणाऱ्याला या फरकाचे मोल अधिक कळेल, कारण हेडफोनमध्ये तो तानपुरा शेजारच्या खोलीत नसतो, थेट कानात असतो.

या बदल्यात काही गमावावे लागते, हे मान्य केले पाहिजे. सिंगल कॉइलचा स्वच्छ, काचेसारखा कणीदार नाद हंबकरमधून येत नाही. त्याचा स्वर जाडसर आणि उबदार असतो. ज्यांना डिस्टॉर्शनविना वाजवायचे आहे, चित्रपटगीतांची साथ करायची आहे आणि ज्यांच्या घराचे वायरिंग चांगले आहे, त्यांना माझी तक्रार कदाचित अतिशयोक्त वाटेल. कमी गेनवर ‘घूं’ फारसा जाणवतही नाही. मधला मार्गही उपलब्ध आहे: यामाहाच्या पॅसिफिका ०१२ आणि ११२ मध्ये ब्रिजजवळ हंबकर आणि उरलेल्या दोन जागी सिंगल कॉइल असतात. डिस्टॉर्शन बहुधा ब्रिजजवळच्या पिकअपवरच वाजवले जाते, त्यामुळे ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. मी ती गिटार एका मित्राकडे तासभरच वाजवली आहे, म्हणून तिच्याविषयी अधिक बोलत नाही. पण जुन्या पेठेत राहणाऱ्या आणि रॉक वाजवू इच्छिणाऱ्या कोणी मला विचारले, तर दोन हंबकर आणि स्थिर ब्रिज असेच उत्तर माझ्या तोंडून आधी निघेल.

दुकानात गेल्यावर मात्र एक गोष्ट जरूर करावी. विक्रेता वाजवून दाखवत असतो तेव्हा सगळ्याच गिटारी गोड लागतात, म्हणून गिटार स्वतःच्या हातात घ्यावी, गेन वाढवावा, आणि काहीही न वाजवता, तारांवरचा हात काढून, हळूहळू एक पूर्ण गिरकी घ्यावी. लोक पाहतात; पाहू द्यावे. शक्य असल्यास गर्दी नसलेल्या वेळी, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जावे, म्हणजे रस्त्याचा आवाज आड येत नाही.

माझी पहिली गिटार बावधनमधील एका विद्यार्थ्याने घेतली. काही महिन्यांनी एक केबल द्यायला मी त्याच्याकडे गेलो होतो. नवी इमारत, प्रत्येक सॉकेटला अर्थिंग, आणि तो निवांतपणे खिडकीकडे तोंड करून, पंख्याखाली, गळ्याकडच्या एकट्या पिकअपवर वाजवत होता. तो नाद मी माझ्या घरी इतका मोकळा कधीच ऐकला नव्हता.