गोव्यातील कामासाठी देशी बूट: शिवलेला तळ की ओतलेला?

कानपूर, आग्रा आणि तामिळनाडूतील अंबूर ही चामडी पादत्राणांची मोठी केंद्रे असून, देशी कामाच्या बुटांत मुख्य निवड दोन प्रकारांत असते: बुटाचा वरचा भाग आणि तळ जोडणाऱ्या पट्टीसह दोऱ्याने शिवलेला रबरी तळ किंवा साच्यात थेट ओतलेला पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) तळ.

ओतलेला तळ हलका आणि मऊ असल्यामुळे वेर्ण्यातील कारखान्यात काँक्रीटच्या जमिनीवर दिवसभर उभे राहणाऱ्याला पहिल्या दिवसापासून आराम मिळतो. किंमतही कमी पडते. मात्र दमट हवेत पॉलियुरेथेनचे हळूहळू विघटन होते आणि कपाटात नुसते ठेवलेल्या बुटांचा तळही काही वर्षांनी भुगा होऊन सुटू शकतो. किनारपट्टीवर राहणाऱ्यांसाठी ही उणीव मला मोठी वाटते, कारण असा तळ गेला की बूट सहसा टाकूनच द्यावे लागतात.

शिवलेला बूट जड, महाग आणि सुरुवातीला ताठ असतो. परंतु झिजलेला तळ उसवून नवा शिवता येतो, अर्थात ते काम जाणणारा कारागीर मिळाला तर. पावसाळ्यात शिलाईतून पाणी झिरपू शकते, म्हणून मेण लावण्याचा आणि बूट सावलीत वाळवण्याचा कंटाळा केल्यास बुरशी चढते.

मुरगाव बंदरात किंवा चिऱ्यांच्या खाणीवर पायावर जड वस्तू पडण्याचा धोका असल्यास, तळ कोणताही असो, आधी बुटावर आयएस १५२९८ भाग २ या सुरक्षा बुटांच्या भारतीय मानकाचा उल्लेख पाहावा. त्यात बोटांवरील टोपीची २०० जूलच्या आघाताने कसोटी घेतली जाते. बागायतीतील किंवा देखरेखीच्या कामासाठी मात्र मी शिवलेलाच निवडेन.