जुनं पितळ घ्यायचं की जुनं कासं? (पानात वाढायच्या भांड्यांपुरतं)

जेवणाच्या टेबलावर स्टीलच्या डोंग्यांऐवजी चार-सहा जुनी भांडी ठेवायची असं एकदा मनात आलं की बाजारात फिरताना शेवटी गाडी दोनच ठिकाणी येऊन थांबते, कल्हईचं पितळ आणि कासं. मी आधी पितळ घेतलं, मग कासं घेतलं, आणि दोन्ही पाचेक वर्षं पाहुण्यांसाठीही वापरली आणि रोजच्या जेवणालाही, त्यामुळे अनुभवावरून जे वाटतं ते सांगतो. तुमच्या घरची पद्धत वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

पितळेच्या बाजूने खूप बोलण्यासारखं आहे, ते आधी बोलतो. एक तर प्रकार भरपूर. सतेली, वेळण्या, ओगराळी, भातवाढ्या, चटणी-कोशिंबिरीची पंचपाळी, तुपाची तोटीवाली लोटी, पोळ्यांचे उभट डबे, जे म्हणाल ते मिळतं. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवार पेठेतली बोहरी आळी, नाशिकचा भांडी बाजार, मुंबईत चोर बाजार, सगळीकडे ढिगाने पितळ पडलेलं असतं कारण स्टील आल्यावर घराघरातनं हे सगळं मोडीत गेलं. आणि जुन्या पितळेवर टिंब-टिंब ठोकून घातलेली नावं असतात, कुणाच्या तरी लग्नातला आहेर, खाली तारीख, गावाचं नाव. मला ते फार आवडतं. माझ्याकडच्या एका सतेल्यावर १९५२ साल आहे, आणि ते टेबलावर ठेवलं की प्रत्येक पाहुणा हातात घेऊन वाचतोच.

वाढायला वजन जड पडतं पण गरमही बराच वेळ राहतं, दिसायला तर विचारूच नका, पितांबरी लावून घासलं की लख्ख. म्हणजे नुसतं दिसणं आणि व्हरायटी बघायची तर पितळ पुढे आहे, त्यात वाद नाही.

आता ज्या गोष्टीमुळे माझं मत फिरलं ती सांगतो. कल्हई.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात आंबट घातलं की कळकतं, म्हणजे पदार्थाची चव बिघडते, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून आतून कथलाचा (टिनचा) मुलामा, तीच कल्हई. पण ही कल्हई किती टिकते हे सांगता येत नाही आणि कुठून गेली हे भांडं भरलेलं असताना दिसत नाही, हा खरा त्रास. गौरी जेवणाच्या दिवशी आमच्याकडे चौदा माणसं होती. पुरणपोळी होती म्हणून चिंचगुळाची कटाची आमटी, आणि मी हौसेने ती अकरा वाजताच त्या ५२ सालच्या सतेल्यात काढून ठेवली, नैवेद्य-आरती होऊन पानं मांडेपर्यंत दीड वाजला आणि पहिल्याच भुरक्याला मावशी म्हणाली, "अरे, आमटी कळकलीय." सगळी ओतून द्यावी लागली. रिकामं करून बघतो तर तळाशी दोन बोटं रुंद पिवळा पट्टा उघडा पडलेला. कल्हई करून सात महिनेच झाले होते. काथ्याने किंवा मऊ घासणीने घासायचं असं घरात सगळ्यांना सांगितलेलं असतं, तरी घाईत कधीतरी तारेची घासणी फिरतेच, आणि एकदा फिरली की संपलं.

बरं, परत कल्हई करायची तर कुठे? आमच्या लहानपणी कल्हईवाला वाड्यातच यायचा, भाता लावायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील असं फिरवायचा की दोन मिनिटात भांडं चांदीचं व्हायचं. आता दारावर कोणी येत नाही. पुण्यात कसब्यातली तांबट आळी अजून आहे हे आपलं नशीब, पण दहा-बारा किलोची भांडी स्कूटरवर घेऊन जायची, ठेवून यायची, सणाच्या आधी गेलात तर आठ-आठ दिवस थांबायचं, परत आणायला जायचं, हे वर्षातनं दोनदा. शिवाय शुद्ध कथीलच वापरा, शिसं मिसळलेलं नको, हे दर वेळी सांगायचं आणि जमलं तर समोर उभं राहून करून घ्यायचं, कारण शिसं पोटात जाणं चांगलं नाही. आणि कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर राहिलं तरी संपलं, कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं. पितळ उघडं पडणं म्हणजे काय ते मला गौरी जेवणाच्या त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

काशात ही भानगडच नाही. तांबं साधारण ७८ टक्के आणि कथील २२ टक्के, म्हणजे कथील आतच मिसळलेलं, वर मुलामा नाही, त्यामुळे मुलामा जाण्याचा प्रश्न येत नाही. आजीची काशाची वाटी पन्नास-साठ वर्षांत एकदाही कुणाकडे न्यावी लागली नाही, उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून तीच वाटी चोळायचे आणि सणाला दुसऱ्या वाटीत खीर वाढायचे. आंबटाचं म्हणाल तर मी आमटी, टोमॅटोचं सार, दह्यातली कोशिंबीर हे सगळं काशातनं तासभर ठेवून वाढलंय, चवीत फरक मला तरी जाणवला नाही. अर्थात आतून डाग पडतो, आणि रात्रभर आंबट ठेवू नका, तितकं पथ्य पाळायलाच हवं. ताक आणि सोलकढी मी काचेतच ठेवतो.

काशाचे तोटे खरे आहेत, ते लपवत नाही. पडलं की फुटतं, पितळेसारखं पोचा येऊन भागत नाही. तडा गेला तर झाळ लावून जोडलं तरी धड होत नाही. वजनावर घेतलं तर पितळेपेक्षा बरंच महाग पडतं. आणि वाढपाची मोठी भांडी आपल्याकडे कमी, जास्त करून ताटं, वाट्या, फार तर वाडगे. मी आमटी स्टीलच्या पातेल्यात झाकून ठेवतो आणि दोन काशाच्या वाडग्यांतून टेबलावर आणतो, संपली की परत भरतो, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे आमटी शेवटपर्यंत गरम मिळते. मोठंच भांडं हवं असेल तर आसामातल्या सार्थेबारीचं किंवा ओडिशातल्या बालकाटीचं कासं बघा, तिकडे अजून घडवतात, पण मग ते जुनं नसेल, नवं असेल.

घेताना एक करा. भांडं बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि कडेला टिचकी मारा. कासं घंटेसारखं घुमतं आणि आवाज रेंगाळतो, पितळ लगेच गप्प होतं. काशाचं म्हणून दिलेलं भांडं बद्द वाजलं तर एक तर ते कासं नाही किंवा कुठेतरी केसाएवढा तडा आहे, दोन्ही बाबतीत परत ठेवा. खिशात लोहचुंबक ठेवा, पिवळा मुलामा दिलेलं लोखंड त्याला चिकटतं. ऑनलाइन फोटोवरून जुनं कासं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, फोटोत आवाज येत नाही.

मधे जर्मन सिल्व्हरचा एक सेट बघितला होता. त्यात चांदी नसते, तांबं-जस्त-निकेल असतं, आणि मागे ई.पी.एन.एस. असा शिक्का असेल तर वरून चांदीचा पातळ थर असतो जो कडांना आधी जातो. म्हणजे परत मुलाम्याचीच कटकट. जुन्या चिनी मातीच्या प्लेट्स सुंदर असतात पण ग्लेझला बारीक भेगा असतील किंवा रंग हाताला खरखरीत लागत असेल तर मी त्यात ओलं-आंबट वाढत नाही, फरसाण-चिवड्याला ठेवतो.

आता ज्यांच्या घराजवळ कल्हईवाला आहे, किंवा घरात आजीचं पितळ आयतंच आहे, त्यांनी ते विकून कासं घ्या असं मी म्हणणार नाही. पितळेचा डबा पोळ्यांना, परात पापड-कुरडयांना, वेळणी लाडू-करंज्यांना, कोरड्या गोष्टींना कल्हईसुद्धा लागत नाही. पंचपाळ्यात लोणचं हवं असेल तर आत छोट्या काचेच्या वाट्या बसवा. पण नव्याने पैसे घालून सुरुवात करत असाल, घरात चार माणसं, आठवड्यातनं दोनदा तरी भांडी टेबलावर यावीत अशी इच्छा, तर मला वाटतं सहा पितळी भांड्यांच्या पैशात काशाचे दोन वाडगे आणि चार वाट्या घ्याव्यात. आकाराने लहान येतील, पण रोज निघतील.

५२ सालचं सतेलं मी ठेवलंय. त्याची कल्हई परत करून घेतली नाही, आता त्यात सणाच्या दिवशी मोदक मांडतो.