चेखवच्या भित्र्या माणसांसोबत आठ महिने

रशियन कथाकार अंतोन चेखवच्या निवडक कथांचा मराठी अनुवाद गेले आठ महिने माझ्या उशाशी आहे. संग्रह एकदा पूर्ण वाचला; तीन कथा मात्र इतक्या वेळा वाचल्या की तेवढ्या पानांची शिवण सुटली. तिन्हींत भीती आहे आणि ती माणसांच्या बोलण्यातून दाखवली आहे, म्हणून येथे त्यांच्याविषयीच लिहितो.

कारकुनाच्या मृत्यूची १८८३ सालची कथा पहिल्या वाचनात निव्वळ विनोदी वाटली. नाट्यगृहात चेर्व्याकोव्हला शिंक येते, पुढच्या रांगेतील जनरल हातमोज्याने टक्कल आणि मान पुसतात व काही हरकत नाही म्हणून मोकळे होतात. हा मात्र मध्यंतरात पुन्हा माफी मागतो, दुसऱ्या दिवशी त्यांच्या दालनात जाऊन मागतो, आणि कालची माफी ही थट्टा नव्हती हे सांगायला तिसऱ्या दिवशीही जातो. अखेर जनरल त्याला हाकलून देतात, तेव्हा तो घरी येऊन गणवेशासकट सोफ्यावर आडवा होतो आणि मरतो. घाबरलेल्याची बोबडी वळते अशी माझी समजूत होती. हा तर बोलतच सुटतो. ‘हरकत नाही’ हे शब्द त्याला ऐकू येतात, पण तो विश्वास ठेवतो तो जनरलच्या चेहऱ्यावरील वैतागावर, आणि तो वैताग त्याच्याच माफीने वाढत चाललेला असतो. (यानंतर कार्यालयातील माझी पत्रे चाळली, तर एका साध्या पत्रात तीनदा ‘क्षमस्व’ सापडले.)

अनुवादाविषयी एक तक्रार आहे. हे जनरल सैन्यातले नसून मुलकी सेवेतले आहेत; रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याने १७२२ मध्ये घालून दिलेल्या चौदा श्रेणींच्या व्यवस्थेत मुलकी अधिकाऱ्यांनाही तो मान होता. तळटीप नसल्याने दोन महिने मी त्यांना लष्करी पोशाखात पाहत होतो. शिवाय ते चेर्व्याकोव्हचे वरिष्ठही नाहीत, वेगळ्याच खात्यातले आहेत. म्हणजे हा माणूस घाबरतो तो केवळ हुद्द्याला.

१८८४ सालच्या कथेतील पोलीस अधिकारी ओचुमेलोव्ह याचे सूत्र सोपे आहे: सोनाराला चावलेला कुत्रा जनरलचा असेल तर चूक सोनाराची, नसेल तर कुत्र्याची. ‘जनरल’ शब्द निघताच त्याला उकडते आणि तो ओव्हरकोट काढायला लावतो. थोड्या वेळाने तोच शब्द पुन्हा निघतो तेव्हा त्याला हुडहुडी भरते. कथा चांगली आहे, पण तिसऱ्या वाचनानंतर तिच्यात नवे काही हाती लागत नाही.

१८९८ सालच्या कथेतील बेलिकोव्हचे तसे होत नाही. कोरड्या हवेतही रबरी बूट आणि छत्री घेऊन निघणारा हा ग्रीकचा शिक्षक सहकाऱ्यांच्या घरी जातो, तास-दोन तास एक शब्द न बोलता बसतो आणि निघून जातो. याला तो स्नेहसंबंध राखणे म्हणतो. तो स्वतः भित्रा, तरीही त्याला कळेल या धास्तीने गावातील स्त्रिया शनिवारी घरगुती नाटके करीत नाहीत आणि पाद्री त्याच्यासमोर पत्ते खेळायला कचरतात. त्या बैठकीचा प्रसंग मी घरी मोठ्याने वाचून पाहिला. ‘तो बसून राहिला’ या वाक्यानंतर थांबलो, तर ऐकणाऱ्यांपैकीही कोणी बोलेना.

बांधणी कच्ची आहे. बेलिकोव्हची पाने आता रबर लावून ठेवतो.